किशोरवयातील व्यसन : भोर-वेल्ह्याच्या पालकांपुढचा प्रश्न

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळणारा रस्ता नसरापूरमार्गे वेल्ह्याला जातो आणि थोडे पुढे कापूरहोळला वळणारा रस्ता भोरला. राजगड, तोरणा, रायरेश्वर हे गड आणि भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांतली. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे नाव 'राजगड' करण्यास मंजुरी दिली. पण लोकांच्या बोलण्यात तो अजून वेल्हेच आहे. पुणेकरांना हा परिसर ठाऊक असतो तो पावसाळी सहलींमुळे, गडांच्या चढाईमुळे आणि धरणकाठच्या शेतघरांमुळे. तेथील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र या पाहुण्यांना वेगळ्या बाजूने पाहत असतो. शनिवारी-रविवारी तो तंबू ठोकायला, जेवण वाढायला किंवा गाड्या लावायला मदत करतो. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठका पाहतो आणि सकाळी रिकाम्या बाटल्या गोळा करतो. दारू पिणे म्हणजे सुशिक्षित, पैसेवाल्या माणसांची मौज, ही समजूत त्याच्या मनात कोणीही न शिकवता रुजते. खेड्यातील मुलांच्या व्यसनाची चर्चा करताना शहराचा हा वाटा सहसा मोजला जात नाही.

अर्थात सारा दोष पाहुण्यांच्या माथी मारणेही खरे नव्हे. या मुलांची व्यसनाशी पहिली ओळख बहुधा घरातच होते आणि ती तंबाखूची असते. आजी सकाळी मिश्री लावते, आजोबांच्या बंडीत चंची असते आणि शेतावर कामाला आलेल्या गड्याला तंबाखू मळून देणे हा साधा शिष्टाचार मानला जातो. तंबाखूला 'व्यसन' म्हणायलाच अनेक घरे तयार नसतात. व्यसन म्हणजे दारू, ही तर केवळ सवय! केंद्र सरकारच्या २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील १३ ते १५ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले त्या वेळी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होती. धूरविरहित तंबाखू कधीतरी वापरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखली होती. दहा वर्षांचे मूल तंबाखू विकत घेण्यासाठी स्वतःहून दुकानात जात नाही. त्याला कोणीतरी पाठवलेले असते.

येथे कायद्याची एक बाब पालकांना ठाऊक हवी. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा गुन्हा आहे. 'आजोबांसाठी हवी आहे' असे मुलाने सांगितले म्हणून दुकानदाराची त्यातून सुटका होत नाही. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत अशी विक्री करण्यासही हाच कायदा मनाई करतो. गुटख्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये त्यावर बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१२ मध्ये राज्याने अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आणली. तरीही पुड्या मिळतात, हे शाळेच्या कुंपणाबाहेर नजर टाकणाऱ्या कोणालाही दिसते. बंदी असताना माल कसा येतो, हा प्रश्न पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाला विचारायचा. पण मुलाला पुडी आणायला न पाठवणे पूर्णपणे घराच्या हातात आहे.

तंबाखूनंतर क्रम लागतो दारूचा. जत्रा, हळदीची रात्र, वरात, आषाढ अमावास्येची 'गटारी' आणि ३१ डिसेंबर हे तिच्या पहिल्या घोटाचे ठरलेले मुहूर्त. 'एकदा घेतल्याने काय होते' हे वाक्य मित्रापेक्षा चुलतभावाच्या किंवा मामाच्या तोंडून ऐकू येण्याची शक्यता अधिक. एकदा घेतल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही, हे खरे. पण ही सुरुवात किती वयात होते याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वयाच्या पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधीतरी दारूच्या आहारी गेल्याचे आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही अनेकदा बिकट असते, त्यामुळे सारा परिणाम दारूचाच मानता येत नाही. तरीही विवेक आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून पहिला घोट जितका लांबेल तितके बरे, एवढे निश्चित म्हणता येते.

गांजा, पंक्चर काढण्याचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर आणि अलीकडे 'एमडी' या नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन हा पुढचा टप्पा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला आणि त्याचे धागेदोरे दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत पोहोचले. तेव्हापासून जिल्ह्यातील पालकांच्या मनात या नावाची धास्ती आहे. धास्ती रास्त असली तरी तिच्यामुळे नजर भलतीकडे वळू नये. खेड्यात एमडीपेक्षा सायकलच्या दुकानातील सोल्युशन अधिक सहज मिळते आणि त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांविषयी एक वेगळीच गोष्ट पुढे आली. या प्रकारात मुलांमधील प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांमधील प्रमाणाच्या (०.५८ टक्के) दुप्पट होते. या वाफांमुळे हृदयाचे ठोके एकाएकी अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. कपड्यांना येणारा रसायनांचा वास, ओठांभोवतीचे पुरळ, खिशातील चिकट फडके किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली तर ती बाब उद्यावर टाकू नये.

घर दोन ठिकाणी

शहरातील पालकांसाठी लिहिलेली पुस्तके 'मुलांबरोबर रोज वेळ घालवा' असा सल्ला देतात. भोर-वेल्ह्याच्या अनेक कुटुंबांत तो पाळणेच अवघड असते. वडील पुण्या-मुंबईला किंवा शिरवळच्या कारखान्यात कामाला, आई शेतात, मुलगा आजी-आजोबांजवळ. दहावीनंतर तोच मुलगा भोर, नसरापूर किंवा पुण्याला खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहतो. कुठे जमिनीचा तुकडा विकला जातो, हातात एकदम पैसा येतो आणि घरात पहिली वस्तू येते ती मुलाची मोटारसायकल. मुलगा बिघडला की 'आईचे लक्ष नव्हते' असे वडील म्हणतात आणि 'बाप घरात कधी असतो' असे आई म्हणते. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. पण त्याचा मुलाला काडीचा उपयोग नसतो.

अशा घरात देखरेख म्हणजे पहारा नव्हे. मुलगा कोठे आहे, कोणाबरोबर आहे आणि केव्हा परतणार, या तीन गोष्टी घरातील एका तरी मोठ्या माणसाला रोज माहीत असणे, हा तिचा साधा अर्थ. बाहेरगावी असलेल्या वडिलांनी ठरलेल्या वेळी फोन करावा आणि त्यात गुणांची चौकशी करण्याआधी मैदानाची, मित्रांची, बैलांची चौकशी करावी. मित्रांच्या घरचे फोन क्रमांक आईजवळ असावेत. आजोबांना घराचे नियम ठाऊक असावेत आणि नातवाला गुपचूप पैसे देण्याची हौस त्यांनी आवरावी. मोटारसायकल घेऊन दिली असेल तर पेट्रोलचा हिशेब विचारण्यात कमीपणा नाही. खोली करून राहणाऱ्या मुलाकडे महिन्यातून एकदा न कळवता चक्कर मारावी. जाताना भाकरी-चटणीचा डबा न्यावा. मग ती तपासणी वाटत नाही.

वडिलांच्या स्वतःच्या दारूचा मुद्दा टाळता येणार नाही. पिणाऱ्या बापाने मुलाला बजावलेला नियम टिकत नाही, हे आईला आधी कळते आणि बापाला उशिरा. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दारूचे हानिकारक सेवन करणाऱ्या प्रौढ पुरुषांसाठी एक समुपदेशन पद्धत विकसित केली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतलेल्या मोजक्या बैठकींचाही उपयोग होतो, असे या प्रयोगातून दिसले. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. मुलाच्या काळजीपोटी बापाने आधी स्वतःसाठी मदत मागितली, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट मुलावर त्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा अधिक होतो.

या परिसरात माळकरी घरे पुष्कळ आहेत आणि 'त्याच्या गळ्यात माळ घाला, सुटेल' हा सल्ला हमखास मिळतो. तो हसण्यावारी नेऊ नये. माळ घातलेल्या माणसाला भजनाची संगत मिळते, वारीची ओढ लागते आणि 'मी घेत नाही' असे चारचौघांत सांगण्यासाठी सन्मान्य कारण मिळते. व्यसन सोडणाऱ्याला नेमके हेच हवे असते. मात्र मुलाच्या मनाविरुद्ध, शिक्षा म्हणून घातलेली माळ खुंटीवर जाते आणि आता देवाचाही अपराध झाला, ही टोचणी मागे राहते. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा दुसरा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावावा. त्यात एका मुलीचे आयुष्य औषध म्हणून वापरले जाते.

खिशात पुडी सापडली तर

पहिल्या दिवशी पालक जे करतात, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. सर्वसाधारण प्रतिक्रिया म्हणजे मार, शपथ आणि आरडाओरडा. मारामुळे मूल व्यसन सोडत नाही, ते लपवायला शिकते. मुलगा नशेत असताना बोलण्यात अर्थ नसतो. सकाळी, इतर कोणी नसताना, आई किंवा वडील यांपैकी ज्याच्याजवळ तो अधिक मोकळा असेल त्याने विषय काढावा. 'तुझ्या खिशात हे सापडलं. मला काळजी वाटली. कधीपासून चाललंय, सांग' एवढे पुरे. त्यानंतर गप्प बसून ऐकणे हे खरे कठीण काम. पहिले उत्तर 'मित्राची आहे' असे येईल. ते खोटे पाडण्याची घाई करू नये, पण ते मान्य केल्याचेही दाखवू नये. नियम मात्र त्याच बैठकीत स्पष्ट सांगावा आणि तो मोडल्यास काय होईल हेही सांगावे. मोटारसायकलची किल्ली आठ दिवस मिळणार नाही, अशी पाळता येणारी शिक्षा 'घराबाहेर काढीन' या न पाळता येणाऱ्या धमकीपेक्षा शतपटीने बरी.

एकदा चव पाहणे, अधूनमधून घेणे आणि त्याशिवाय चैन न पडणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांना एकच उपाय लागू पडत नाही. चव पाहिलेल्या मुलाला थेट व्यसनमुक्ती केंद्रात नेणे हा अतिरेक आहे; तिथे त्याची गाठ त्याच्याहून पुढे गेलेल्यांशी पडते. उलट झोप आणि भूक बदलली आहे, शाळा बुडते आहे, घरातील पैसे किंवा वस्तू नाहीशा होत आहेत, जुने मित्र सुटले आहेत आणि पदार्थ मिळाला नाही की हात थरथरतात किंवा संताप अनावर होतो, अशी लक्षणे एकत्र दिसत असतील तर घरगुती उपायांत महिने दवडू नयेत. यांपैकी काही लक्षणे उदासीनतेची किंवा केवळ वयाचीही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडावे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येणे किंवा भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार घडू शकतात.

'त्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींपासून तर चार हात दूर राहावे. डायसल्फिराम या गोळीवर दारू प्यायल्यास रक्तदाब झपाट्याने घसरतो, छातीत धडधडते, उलट्या होतात. क्वचित माणूस दगावतोही. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चहात किंवा भाजीत कालवून देणारी आई प्रेमापोटी मुलाचा जीव धोक्यात घालत असते. शिवाय हे उघड झाले की त्या घरातील जेवणावरचा मुलाचा विश्वास कायमचा उडतो.

भोरला उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात व्यसनांविषयीचे समुपदेशन समाविष्ट असून महाराष्ट्रात अशी किशोरवयीनांसाठीची केंद्रे 'मैत्री' या नावाने चालतात. गावातल्या गावात बोभाटा होईल या भीतीने तिथे जायला पालक कचरतात. त्यांच्यासाठी दूरध्वनीचा मार्ग आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेली-मानस' १४४१६ या दोन्ही विनाशुल्क आहेत. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहेच.

पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगरचा, म्हणजे गर्दचा विळखा पडला, तेव्हा अनिल अवचट यांनी त्याचा शोध घेऊन लेखन केले. त्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत ते घडवले. पुढे ही धुरा कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळली. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे आणि त्याच्याबरोबर त्याचे कुटुंबही आजारी पडलेले असते, ही डॉ. अनिताताईंची भूमिका होती. रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळा 'सहचरी' गट सुरू होण्यामागे हाच विचार होता. आईवडिलांनाही स्वतःसाठी अशा आधाराची गरज असते. मुलाच्या व्यसनाने खचलेली आई रात्र रात्र जागून काढत असेल, तर सकाळी शांतपणे बोलण्याचे बळ तिने आणायचे कोठून?

केंद्र निवडताना चौकसपणा हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या अवस्थाही येतात. अल्पवयीनाला दाखल करताना त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि पालक किंवा सोबतीला नेमलेली व्यक्ती सतत त्याच्याजवळ राहिली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. 'मुलगा आमच्या ताब्यात द्या, तीन महिने भेटायला येऊ नका' असे म्हणणाऱ्या ठिकाणी तो ठेवू नये.

पोलिसांची भीती हेही मदत न मागण्याचे एक मोठे कारण असते. अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८५ पासून सेवनालाही शिक्षा आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवन आणि अल्प प्रमाण बाळगण्याच्या खटल्यापासून संरक्षण देते. कायद्याचा खरा बडगा पुरवणाऱ्यांवर आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरातीत पुतण्याच्या हाती ग्लास देणाऱ्या काकांनाही हे एकदा वाचून दाखवावे.

एकट्या घराचे काम नव्हे

आइसलँडमध्ये १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले आदल्या महिनाभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे पालकांनी एकत्र येऊन लेखी करार केले, मुलांनी रात्री घरी परतण्याच्या वेळा सर्वांनी सारख्या ठरवल्या आणि खेळ व संगीतासाठी सरकारने पैसा दिला. तो देश श्रीमंत आहे, हे विसरून चालणार नाही. तरी पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत सर्व घरांनी मिळून एक वेळ ठरवणे रेक्याविकपेक्षा सोपे असावे. 'बाकीच्यांना परवानगी आहे, मलाच नाही' हा मुलांचा हुकमी युक्तिवाद तेवढ्याने लंगडा पडतो. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेल्या 'मुक्तिपथ'चे आहे. गावोगावी समित्या नेमून दारू आणि तंबाखू या दोहोंवर एकाच वेळी काम करण्याची ती पद्धत आहे.

भोर-वेल्ह्यात अशा कामाला पाया आहे. ज्ञान प्रबोधिनीच्या प्रयत्नांतून गुंजवणी आणि शिवगंगेच्या खोऱ्यांत महिलांचे बचत गट उभे राहिले आहेत. महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याबरोबर मुलांचा विषय निघाला, तर आपल्याच घरी हे घडते आहे हा प्रत्येकीचा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो. पहिली ते आठवीच्या शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेभोवती तंबाखूमुक्त क्षेत्राची पिवळी रेषा आखण्याची मागणी त्यांनी करावी. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची तरतूद आहे. परवाना असलेल्या दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान आहे. २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला कौल दिल्यास दुकान बंद होते. हातभट्टीला मात्र मतदानाची गरज नाही. ती मुळातच बेकायदा आहे.

उपचार घेऊन परतलेला मुलगा पुन्हा घसरला की घर हबकून जाते. पैसे गेले, अब्रू गेली, आता उपाय संपले असे वाटू लागते. पुन्हा घसरण होणे हे या आजारात सामान्य आहे, मधुमेह्याची साखर पुन्हा वाढावी तसेच. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून भांडण न मांडता पाठपुराव्याची तारीख अलीकडे आणावी. घसरण नेमकी कोणत्या दिवशी, कोणाबरोबर आणि कोणत्या निमित्ताने झाली, हे मुलाकडूनच समजून घ्यावे. उत्तर बहुधा गावची जत्रा, मित्राची हळद किंवा नापास झालेला विषय यांपैकी एक असते. पुढच्या जत्रेच्या आठवड्यात मुलाला मावशीकडे पाठवायचे की वडिलांनी रजा काढून गावी यायचे, हे मग आधीच ठरवता येते.